छातीवरची चार बोटे जागा : एका शाळेच्या शताब्दीतील बिल्ले आणि काळ्या फिती

देवगड तालुक्यात खाडीकाठी वसलेल्या एका गावातील माध्यमिक शाळेच्या शताब्दी समारंभात बिल्ल्यांवरून जो पेच उभा राहिला, त्याची ही नोंद आहे. गावाचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक नियोजन समितीचा सदस्य होता आणि बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते. मंडप, जेवणावळ, स्मरणिकेतील जाहिराती आणि पाहुण्यांच्या उतरण्याची सोय यांवरून वाद होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि तसे ते झालेही. परंतु सर्वांत जास्त वेळ ज्या विषयावर गेला, तो विषयपत्रिकेत ‘किरकोळ’ या सदराखाली होता.

पार्श्वभूमी

कोकणातील अशा शाळांची घडण लक्षात घेतल्याशिवाय हे प्रकरण नीट समजत नाही. गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांनी मुंबईत ग्रामस्थ मंडळे काढली, वर्गणी गोळा केली आणि गावाकडे पाठवली. गावात राहिलेल्यांनी जागा दिली, जांभ्याचे चिरे वाहिले, श्रमदान केले. त्यामुळे शाळा कोणी उभी केली या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत आणि त्या दोन उत्तरांच्या दोन समित्याही आहेत : मुंबईची कार्यकारिणी आणि गावची स्थानिक समिती. कागदोपत्री अधिकार पहिलीकडे, रोजची उठाठेव दुसरीकडे. शंभर वर्षांत हे नाते तुटले नाही, यातच त्याची मजबुती दिसते. पण दोन्हीकडचे लोक एका मांडवाखाली आले की कोण यजमान आणि कोण पाहुणा हा प्रश्न न विचारता उभा राहतो.

दुसरी गोष्ट गावऱ्हाटीची, म्हणजे गावदेवाभोवती चालत आलेल्या मानपानाच्या व्यवस्थेची. बारापाच मानकरी, शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, जत्रेत देवाला गाऱ्हाणे कोणी घालायचे, मानाचा नारळ आधी कोणाच्या हाती द्यायचा, हे सारे या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि त्यात फरक पडला तर पालखी जागची हलत नाही. अशा गावात समितीने एखाद्याच्या छातीवर काही लावले, की ते ओळखपत्र म्हणून वाचले जात नाही. मान म्हणून वाचले जाते. आणि मानाची गोष्ट अशी की तो ज्याला मिळाला त्याच्याकडे लोक क्षणभर बघतात, ज्याला मिळाला नाही त्याच्याकडे मात्र बराच वेळ बघत राहतात. मुंबईत सभा-संमेलनांना जाणाऱ्या माणसाला बिल्ला म्हणजे जेवणाच्या रांगेत उपयोगी पडणारा पुठ्ठा वाटतो. ही दोन वाचने एकमेकांना अनोळखी होती आणि पेचाचे मूळ तिथेच आहे, असे माझे मत आहे.

रंगांचा प्रश्न

बिल्ले मुंबईच्या कार्यकारिणीने छापून घेतले आणि दिवाळीनंतर गावी पाठवून दिले. पदाधिकाऱ्यांना सोनेरी कडेचा आणि खाली रिबिनीचे फूल असलेला, देणगीदारांना भगवा, निमंत्रितांना लाल, माजी विद्यार्थ्यांना पिवळा, स्वयंसेवकांना हिरवा आणि ‘व्यवस्था’ या शब्दाखाली पाणी, वाहनतळ व स्वच्छता सांभाळणाऱ्यांना निळा, अशी विभागणी होती. ती कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. छापखान्यात ज्या रंगांच्या रिबिनी शिल्लक होत्या त्या घेतल्या, असे नंतर कळले, आणि ते खरे मानायला काहीच हरकत नाही.

बौद्धवाडीतील एका निवृत्त शिक्षकांनी बैठकीत तो निळा बिल्ला टेबलावर ठेवला आणि विचारले की पाणी आणि झाडलोट यांच्यासाठी नेमका हाच रंग कसा निघाला. आवाज चढलेला नव्हता. कार्यकारिणीच्या प्रतिनिधीने योगायोग असल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “योगायोग असेल, पण असले योगायोग आमच्याच वाट्याला का येतात, एवढंच सांगा.” यावर उत्तर नव्हते. निळा रंग आंबेडकरी चळवळीचा आहे, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यातून ही भूमी कोकणाची. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठीचा सत्याग्रह याच किनारपट्टीतील महाडला २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे ही शाळा नुकतीच सुरू झाली होती त्या काळात झाला. निळा रंग आणि पाणी या दोन गोष्टी एकत्र आणून त्याखाली झाडलोट लिहिणे, यात हेतू नसला तरी अर्थ होता, आणि बिल्ल्याच्या बाबतीत लावणाऱ्याचा हेतू वाचणाऱ्याला दिसत नाही.

मग भगव्याचीही चर्चा निघाली. देणगीदारांत सगळ्या पक्षांचे लोक होते आणि त्यांतील काहींना भगवा लावून गावात फिरणे राजकीयदृष्ट्या अडचणीचे वाटत होते. काहींना न लावणे अडचणीचे वाटत होते. हिरव्याबद्दल कोणी बोलले नाही, पण बोलले असते. समितीने पहिला उपाय काढला तो रंगांच्या अदलाबदलीचा : व्यवस्थेला पिवळा, माजी विद्यार्थ्यांना निळा, देणगीदारांना लाल. हा उपाय टिकणारा नव्हता, कारण आक्षेप रंग कोणाला दिला एवढ्यापुरता नव्हताच. रंगांनी माणसांच्या पायऱ्या लावल्या, हा आक्षेप होता. पायऱ्या रंगवून बदलत नाहीत.

अखेर जे ठरले ते त्या निवृत्त शिक्षकांनीच सुचवले. सगळ्यांचे बिल्ले एकाच मापाचे, पांढऱ्या जमिनीवर शाळेचे बोधचिन्ह, त्याखाली काळ्या अक्षरांत नाव आणि शालान्त परीक्षेचे वर्ष. काम असेल तर ते तिसऱ्या ओळीत. सोनेरी कडा आणि रिबिनीची फुले रद्द. नागरिकशास्त्र शिकवलेल्या त्या गुरुजींनी पुष्टीसाठी राज्यघटनेचा आधार दिला : अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले आहेत आणि पद्म सन्मान हे किताब नव्हेत, म्हणून ते नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केले, सन्मानाची छोटी प्रतिकृती मात्र समारंभात छातीवर लावता येते. मुख्याध्यापकांच्या दालनात शाळेच्या आरंभीच्या काळातला एक सामूहिक फोटो आहे, त्यात मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या अंगरख्यावर रावसाहेब किताबाचे पदक आहे आणि ते फोटोत स्पष्ट दिसावे म्हणून उपरणे बाजूला सारलेले आहे. सरकारने दिलेला मान त्या काळीही दिसावा लागत असे. गुरुजींचे म्हणणे एवढेच होते की शाळेने तो आता नव्याने वाटू नये.

प्रथमोपचार करणाऱ्यांच्या बिल्ल्यावर तांबडा क्रॉस छापायचा होता, तो तालुक्यातील एका डॉक्टरांनी थांबवला. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस हे चिन्ह जिनिव्हा करारांखाली संरक्षित आहे आणि आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाप्रमाणे सरकारच्या परवानगीवाचून ते वापरता येत नाही. दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि रुग्णवाहिकांवर ते सर्रास दिसते, हा भाग वेगळा. तेव्हा ‘प्रथमोपचार’ हा शब्दच मोठ्या अक्षरात छापला.

पिना, पदर आणि खारी हवा

साहित्याच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की दिवाळीपासून कपाटात पडलेल्या बिल्ल्यांच्या पिना खाऱ्या हवेने गंजल्या होत्या आणि त्यांतला एक लावून पाहिला तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस डाग पडला. चुंबकाच्या पट्ट्या आणाव्यात अशी सूचना आली. परंतु हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने छातीवर चुंबक लावू नये असा इशारा असतो आणि जुन्या अकरावीचे विद्यार्थी तर सगळे पासष्टीच्या पुढचे होते, म्हणून ती बाद झाली. शेवटी चिमटा असलेले बिल्ले घेतले. कोट घालून येणारा पाहुणा एखाददुसराच असतो, बाकीच्यांच्या बाबतीत चिमटा खिशाला लागतो.

बायकांना खिसा नसतो, ही गोष्ट मात्र समितीच्या लक्षात फार उशिरा आली. बिल्ला कुठे लावायचा याचा विचार पुरुषाच्या सदऱ्यावर झालेला असतो. रेशमी पदराला चिमटा लावला तर धागा ओढला जातो, खांद्यावरच्या निऱ्यांना लावला तर तो आडवा होतो, आणि गळ्यात दोरीने अडकवला तर पहिल्याच वाऱ्याला उलटा फिरून कोरी बाजू दाखवतो. समारंभाच्या दोन दिवसांत मी मुद्दाम पाहत होतो : बहुसंख्य माजी विद्यार्थिनींनी बिल्ला पर्सच्या पट्ट्याला लावला होता किंवा नुसता हातात धरला होता. त्यांची नावे आणि वर्षे वाचलीच गेली नाहीत. एक माजी विद्यार्थिनी, जी आता मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, तिला दोनदा कोणाची तरी पत्नी समजून पुरुषांच्या घोळक्यातून बाजूला बसवण्यात आले.

फाटकावर

ज्यांना बिल्ला देण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, असा एक गट होता. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आणि समारंभाच्या जेवणाचे काम घेतलेल्या बचत गटातल्या बायकांची नावे कोणत्याच यादीत नव्हती, कारण त्या निमंत्रित नव्हत्या, स्वयंसेवक नव्हत्या, आणि त्यांना मेहनताना मिळणार असल्यामुळे ‘व्यवस्था’ या शब्दातही त्या बसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मंडपात आलेल्या त्यांतील एकीला दारावरच्या मुलाने बिल्ला विचारला. मुलगा अकरावीतला होता आणि सांगितलेले काम चोख करत होता. ती बाई त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेली होती. तिने वाद घातला नाही. “मी हयच शिकलंय” एवढे म्हणाली आणि परत गेली.

हा प्रसंग लहान आहे, पण या साऱ्या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रंग काढून टाकल्यामुळे बिल्ल्यांतली उतरंड गेली, असे समितीला वाटले होते. उतरंड बिल्ल्यांच्या रंगात कमी आणि यादीत जास्त होती. दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन त्या सगळ्यांची नावे आणि शालान्त वर्षे लिहून घेतली आणि कोऱ्या बिल्ल्यांवर हाताने लिहून दिली. गटातील दोघीतिघी या शाळेत शिकलेल्या नव्हत्या, सासरी म्हणून गावात आलेल्या. त्यांनी बिल्ला नको म्हणून सांगितले आणि ते त्यांचे म्हणणे योग्यच होते.

ज्यांच्या छातीवर आधीच काही होते

गावात लष्करातून निवृत्त झालेले काही जण आहेत. त्यांतील एक सुभेदार प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनाला नेहमीप्रमाणे पदके लावून आले. स्वयंसेवकाने त्यांच्या डाव्या खिशाला बिल्ला लावायला हात पुढे केला, तो त्यांनी शांतपणे अडवला आणि बिल्ला उजव्या बाजूला लावून घेतला. आपली मिळवलेली पदके डावीकडे; कुटुंबातल्या दिवंगत सैनिकाची पदके नातेवाइकाने लावायची तर उजवीकडे, हा सैनिकी रिवाज त्यांनी नंतर विचारल्यावर समजावून सांगितला. “डावी बाजू आपण कमावलेल्याची. दुसऱ्याने दिलेलं, ते उजवीकडे,” असे त्यांनी त्याचे सार काढले. हे सार लष्करी नियमाचे शब्दशः नाही, पण पुढे फितींच्या प्रश्नात त्याचा उपयोग झाला.

मुंबईहून आलेल्या एका उद्योजक माजी विद्यार्थ्याच्या कोटाच्या कॉलरवर रोटरीची पिन होती : सहा आऱ्यांचे, चोवीस दात्यांचे चक्र. गावातल्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याने आणि डॉक्टरांनी ती तत्काळ ओळखली आणि तिघांचे बोलणे सुरू झाले. ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने ती जवळून पाहून हा गिअर कुठल्या इंजिनाचा, असे विचारले, आणि प्रश्न अगदी गंभीरपणे विचारलेला होता. अशी पिन हजार लोकांसाठी नसतेच. ती जाणत्या चारदोघांना हाक मारते आणि बाकीच्यांना काही सांगत नाही, म्हणून तिने कोणाचा अपमानही होत नाही. समितीच्या बिल्ल्याला ही सवलत नव्हती, कारण तो सर्वांनी वाचावा म्हणूनच बनवला होता.

काळ्या फिती

पेच खऱ्या अर्थाने उभा राहिला तो शिक्षकांच्या काळ्या फितींमुळे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. ही तारीख शिक्षकांच्या खोलीत एखाद्या भिंतीसारखी उभी असते : एकाच वर्गाला एकाच पाठ्यपुस्तकातून शिकवणारे दोन शिक्षक, त्यांतील एकाला निवृत्तीनंतर जुनी पेन्शन निश्चित आणि दुसऱ्याला नाही. मार्च २०२३ मध्ये याच मागणीसाठी राज्यातील कर्मचारी संपावर गेले होते. त्यानंतरही मागणीचा पाठपुरावा चालूच होता, आणि तालुक्यातील शिक्षकांनी काळ्या फिती लावून काम करण्याचे जे दिवस ठरवले, त्यांत शताब्दीचा मुख्य दिवस नेमका आला.

२६ जानेवारीबद्दल मतभेद झाला नाही. ध्वजवंदनाला फीत नको, हे शिक्षकांनी स्वतःच ठरवले. त्या दिवशी प्रत्येकाच्या छातीवर कागदाचा छोटा तिरंगा होता. प्लास्टिकचे ध्वज वापरू नयेत अशी सूचना दरवर्षी येते, ती पाळली गेली, आणि ध्वजसंहितेप्रमाणे कार्यक्रमानंतर कागदी ध्वज जमिनीवर टाकले जाऊ नयेत म्हणून मुलांकडून ते गोळा करून घेतले. टाचणी एकच असल्यामुळे काही ध्वज फिरून केशरी पट्टा खाली गेला होता; ते सरळ करत एक शिक्षिका रांगांतून हिंडत होती.

दुसऱ्या दिवसाच्या फितीला कार्याध्यक्षांनी हरकत घेतली. ते मुंबईहून आलेले, संस्थेसाठी खस्ता खाल्लेले गृहस्थ आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. “हे आपल्या घरचं कार्य आहे. घरच्या कार्यात निषेध कोणाचा करता? पाहुण्यांचा, की आमचा?” असे त्यांनी विचारले. शिक्षकांचे उत्तर असे की फीत शाळेविरुद्ध नाही, संस्थेविरुद्ध नाही, आलेल्या पाहुण्यांविरुद्धही नाही. ती शासनाच्या धोरणाविरुद्ध आहे आणि त्या दिवशी शाळेतले एकही काम थांबणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि तरी एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. बिल्ल्यावर अक्षरे असतात, फितीवर काहीच लिहिलेले नसते. ती कोणाला उद्देशून आहे, हे लावणाऱ्याला ठाऊक असते; समोरचा मात्र आपल्यालाच उद्देशून आहे असे समजू शकतो, विशेषतः तो यजमान असेल तर.

कायद्याचा प्रश्न एका सदस्याने काढला. शिस्तभंगाची भीती घालण्याचा त्यात हेतू नव्हता, पण विषय निघाल्यावर तो तपासणे भाग होते. सरकारी कर्मचाऱ्यांना कोणत्याही स्वरूपाचे निदर्शन करण्यास बंदी घालणारा बिहार सरकारचा नियम सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. संपाचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही. त्या निकालात निदर्शनाच्या शांत प्रकाराचे उदाहरण देताना, गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधणारा बिल्ला गटातील लोकांनी नुसता लावणे, याचाच उल्लेख आहे. आमची शाळा खासगी अनुदानित, तिच्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू. तरीही फीत लावून काम करण्यात गैरवर्तन काय, हे कोणालाच दाखवता आले नाही. तो मुद्दा मिटला. औचित्याचा राहिला, आणि औचित्य न्यायालयात ठरत नाही.

येथे मुख्याध्यापिकाबाईंनी जे केले त्याने बैठकीचा सूर बदलला. त्यांची नेमणूक १९९० च्या दशकातली. जुनी पेन्शन त्यांना मिळणारच होती. त्यांनी सांगितले की उद्या मीही फीत लावणार आहे. तोपर्यंत कार्याध्यक्षांना फीत म्हणजे ज्यांचे नुकसान झाले त्यांची तक्रार वाटत होती. ज्यांचे काही गेलेले नाही अशा प्रमुखाने ती लावली, की तिचा अर्थ ‘माझे गेले’ असा न राहता ‘मी यांच्याबरोबर आहे’ असा होतो, आणि घरच्या कार्यात घरच्या माणसाबरोबर उभे राहण्याला हरकत घेणे अवघड असते. सुभेदारांचे वाक्य त्यांनीच पुढे केले : शाळेने दिलेला बिल्ला उजवीकडे लावू, फीत डावीकडे. दोन्ही एकाच खिशावर आले तर शाळाच निषेध करते आहे असे दिसेल. दोन बाजूंना असले, तर माणूस शाळेचा आहे आणि त्याचे स्वतःचे एक म्हणणेही आहे, हे वेगवेगळे दिसेल. कार्याध्यक्षांनी संमती दिली नाही आणि विरोधही केला नाही. इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ असे लिहिले.

प्रत्यक्षात एक अडचण कोणीही ओळखली नव्हती. सकाळच्या गाडीने आलेले एक वृद्ध माजी विद्यार्थी फाटकातून आत शिरले, ओळीने उभ्या असलेल्या शिक्षकांच्या छातीवर काळ्या फिती पाहिल्या, चप्पल काढून थांबले आणि हलक्या आवाजात विचारते झाले, “काय गुरुजी, कोण गेलो?” त्यांच्यामागून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. आपल्याकडे शोकाचा रंग काळा नव्हे. काळी फीत ही सवय इंग्रजी अमलातून आली आणि क्रिकेटच्या मैदानावरून घरोघर पोचली. पण ती पोचलेली आहे. संक्रांत होऊन पंधरवडा उलटला नव्हता, काही बायका हौसेने काळ्या साड्या नेसून आल्या होत्या. त्या काळ्याचा कोणी काही अर्थ लावला नाही आणि बोटभर फितीचा मात्र सगळ्यांनी लावला. अर्ध्या तासात फाटकावर फळा उभा केला गेला आणि त्यावर खडूने लिहिले गेले की फिती जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी आहेत, शोक नाही. फितीवर जे नव्हते ते फळ्यावर आले. प्रमुख पाहुण्यांनी तो फळा वाचला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी फितीबद्दल विचारले नाही, भाषणात उल्लेख केला नाही, आणि बाईंच्या हातून श्रीफळ घेताना नेहमीसारखे हसले. ज्या अपमानाच्या भीतीने दोन बैठका गाजल्या होत्या, तो झालाच नाही.

त्यानंतर

बिल्ल्यावरच्या तीन ओळींपैकी लोकांनी सर्वांत आधी कोणती वाचली, हे पाहण्यासारखे होते. नाव नव्हे, काम नव्हे, वर्ष. समोरच्याच्या खिशाकडे नजर टाकून लोक मनात वजाबाकी करत आणि मग ‘अहो’ म्हणायचे की ‘अरे’, ते ठरवत. पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातले दोघे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखू शकले नाहीत, वर्षावरून ओळखले. यातही ज्येष्ठ-कनिष्ठ आहेच. पण ही उतरंड पैशाने वा पदाने चढता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी कुरकुरले नाही.

काही बिल्ले समारंभानंतरही उतरले नाहीत. ‘समिती सदस्य’ अशी तिसरी ओळ असलेला बिल्ला लावून एक गृहस्थ पुढच्या आठवडी बाजारात फिरताना दिसले, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाल्यावर पुन्हा दिसले. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही, त्यामुळे शाळेच्या बोधचिन्हाला तिथे जास्तच भाव. विधानसभा-लोकसभेच्या वेळी मतदान केंद्राच्या शंभर मीटरांच्या आत उमेदवाराचे चिन्ह छातीवर मिरवणे गुन्हा आहे. शाळेचा बिल्ला मिरवण्याला असा कोणताही कायदा आड येत नाही आणि समितीकडेही बिल्ले परत मागण्याची तरतूद नव्हती.

समारोपाच्या बैठकीत स्थानिक समितीने ठराव केला, की यापुढे बिल्ल्यावर काम लिहायचे ते फक्त अशांचे, ज्यांना इतरांनी शोधावे लागते : प्रथमोपचार, हरवले-सापडले, वाहनतळ, भोजन. बाकी सगळ्यांना नाव आणि वर्ष, आणि यादीत आधी स्वयंपाकघर. बायकांसाठी खांद्यावर निऱ्यांच्या सेफ्टीपिनेतच ओवता येईल असा कापडी बिल्ला बचत गटाकडून शिवून घ्यावा, असेही ठरले. पदाधिकारी आणि देणगीदार यांना वेगळा बिल्ला नाही. देणगीदारांची नावे फलकावर लावायची.

मुंबईच्या कार्यकारिणीने ठरावाच्या या शेवटच्या भागाला लेखी हरकत घेतली आहे. तिचे म्हणणे असे की माणूस देणगी देतो ती शाळेसाठी, हे खरे; परंतु तीस-चाळीस वर्षे मुंबईत चाळीतल्या एका खोलीत काढून गावी आलेल्या माणसाला आपल्या माणसांत दोन दिवस उठून दिसावेसे वाटले तर त्यात वावगे काय. मला हा मुद्दा सहज खोडून काढता येत नाही. फलकाची कल्पना दोन्ही समित्यांना मान्य आहे. त्यावरील नावे रकमेच्या क्रमाने लावायची की अकारविल्हे, यावर मात्र एकमत झालेले नाही आणि फलकासाठी घेतलेली संगमरवरी लादी अजून कोरायला दिलेली नाही.